तळे राखील त्याने काय चाखावे?

शासकीय दप्तरातील काही शब्द असे असतात की ते ऐकून कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. 'लवचिकता' हा त्यांपैकी एक. तलावाच्या काठापासून किती अंतर सोडून घर बांधावे, किती जागा मोकळी ठेवावी, किती मजले चढवावेत, याविषयी राज्याने सरसकट एकच नियम करू नये. स्थानिक परिस्थिती पाहून तो कमीजास्त करण्याची मुभा असावी, एवढेच या शब्दाचे म्हणणे असते. ऐकणाऱ्याला ते पटते. गावचे पाणी गावाला ठाऊक. राजधानीत बसलेल्या सचिवाला त्यातले काय कळणार? शिवाय पाठीशी आपली म्हण उभी आहेच : तळे राखील तो पाणी चाखील.

ही मुभा मागणाऱ्यांशी आमचा वाद आहे, आणि तो त्यांच्या हेतूविषयी नाही. त्यांच्यात प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, तलावाच्या बाबतीत ही लवचिकता नेहमी एकाच बाजूला वाकते. तीस मीटरांचे चाळीस मीटर करू द्या, अशी विनवणी घेऊन कोणी नगरपालिका शासनाच्या दारी गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. वेत दोन्ही बाजूंना वाकतो, म्हणून त्याला लवचिक म्हणतात. जो एकाच बाजूला वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही, त्याला मराठीत मोडलेला म्हणतात.

उदाहरणासाठी हैद्राबाद घेऊ. काचीगुडा आणि सुलतानबाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदली, म्हणून ते शहर आम्हांस परके नाही; आणि नियम कसा जन्मतो, कसा टिकतो व कसा सैल होतो, हे सारे तेथे कागदोपत्री पाहावयास मिळते.

शहराच्या पश्चिमेस उस्मानसागराच्या काठी चिलकूरचे बालाजी मंदिर आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तेथे अकरा प्रदक्षिणा घालून नवस बोलला असेल आणि इच्छा पुरी झाल्यावर एकशे आठ घालून तो फेडलाही असेल. या देवळात हुंडी नाही आणि बड्या माणसांसाठी निराळे दर्शन नाही. मंत्री असो वा हमाल, रांग एकच. देवळाची कीर्ती वाढण्यास जी अनेक कारणे झाली त्यांत हेही एक आहे. कारण जेथे रांग मोडता येत नाही, तेथे रांगेत उभे राहण्याचा कोणाला विषाद वाटत नाही. त्या देवळाला लागून असलेल्या जलाशयाच्या काठी मात्र गेली पंचवीस-तीस वर्षे सारा झगडा रांग मोडण्याचाच चालला आहे.

मुसी नदी विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात, अनंतपद्मनाभाच्या क्षेत्री उगम पावते. मुचुकुंदाच्या कथेवरून भाविक तिला मुचुकुंदा म्हणतात. एरवी शांत असणाऱ्या या नदीने 28 सप्टेंबर 1908 रोजी हैद्राबाद शहर धुऊन नेले. मृतांचा आकडा साधारणपणे पंधरा हजार सांगितला जातो. शहरातील पुलांपैकी फक्त पुराणा पूल टिकला. अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखवितात. त्या वेळचे निजाम महबूब अली खान यांनी नदीला शांत करण्यासाठी हिंदू रीतीने तिची पूजा केली, अशी जनश्रुती आहे. ती खरी की खोटी, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पण एका मुसलमान राजाने नदीपुढे हात जोडले, ही गोष्ट शहराने शंभर वर्षे जपून ठेवली, यावरून त्या रात्रीची दहशत किती होती ते कळते.

पूजेनंतर निजामांच्या सरकारने जे केले ते मात्र जनश्रुतीवर सोपविलेले नाही. त्यांनी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत हयात घालविलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे हे अभियंते 1909 मध्ये हैद्राबादेस आले. नदीच्या खोऱ्यात त्यांना 788 तलाव आढळले, म्हणजे साधारण दर चौरस मैलास एक. त्यांपैकी 221 त्या पुरात फुटले होते. शहर बुडविणारे पाणी केवळ आकाशातून पडलेले नव्हते. एक तलाव फुटून त्याचा लोंढा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, असे ते चढत आले होते. विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधण्याचा सल्ला दिला. मुसीवर उस्मानसागर 1920 मध्ये पुरा झाला आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर 1927 मध्ये. ज्या संगमावर पुढे 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले, त्याच्या थोडे वर या दोन्ही नद्यांना असा लगाम घातला गेला. हे जलाशय मूळ पुरासाठी बांधले. पिण्याचे पाणी हा त्यांचा दुसरा लाभ. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील सारी गफलत तो क्रम विसरल्यामुळे झाली आहे.

8 मार्च 1996 रोजी तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने 111 क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही जलाशयांच्या पूर्ण संचय पातळीपासून दहा किलोमीटरांच्या टापूत प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेले व निवासी वसाहती यांना त्याने बंदी केली. गावठाणापुरते जे घरबांधकाम होईल त्याच्या चटईक्षेत्रावर मर्यादा घातली. अभिन्यासातील साठ टक्के जागा मोकळी व रस्त्यांसाठी राखण्यास सांगितले. 84 गावे आणि सुमारे 1 लाख 32 हजार एकर जमीन या आदेशाखाली आली. आदेश कडक होता यात शंका नाही.

आदेश निघून पुरते दीड वर्ष झाले नाही तोच पहिली लवचिकता अवतरली. एरंडेलापासून रसायने बनविणाऱ्या एका कारखान्यासाठी शासनाने 1997 मध्ये खास सूट दिली. नियम कायम, फक्त या एका अर्जदाराला तो लागू नाही! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1999 च्या निकालात न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व सांगितले : जो निसर्गाची स्थिती बदलू पाहतो, त्याने अपाय होणार नाही हे सिद्ध करावे, अपाय होईल हे सिद्ध करण्याचे ओझे पाणी पिणाऱ्यावर टाकू नये. आणि 2000 सालच्या डिसेंबरात त्याच प्रकरणाच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने ती सूटच अमान्य केली. ज्या क्षेत्रात बंदी आहे तेथे एखाद्याच कारखान्याला आत घेण्याचा अधिकार शासनाला नाही, असा त्याचा सारांश. चिलकूरच्या पुजाऱ्यांनी हा निकाल वाचला असेल तर त्यांना त्यात नवे काही वाटले नसेल.

एकाला सूट देता येत नाही म्हटल्यावर सर्वांनाच द्यावी, हा उपाय 2022 मध्ये सापडला. 12 एप्रिल 2022 रोजी तेलंगण शासनाने 69 क्रमांकाचा आदेश काढून 111 मधील निर्बंध उठविले. अट घातली ती एवढी की जलाशयांच्या पाण्याच्या प्रतीला बाध येऊ नये. तो कसा येऊ द्यायचा नाही, यासाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. क्रम पाहावा : आधी कुंपण काढले, मग गुरे आत येणार नाहीत यासाठी काय करावे याचा विचार करण्यास पंच नेमले. पुढे 2023 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने 111 चा आदेश मुळातच रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. वाद न्यायालयातही गेला.

निर्बंध उठविण्यासाठी जे कारण दिले ते तपासण्याजोगे आहे. 1996 मध्ये शहर या दोन तलावांवर पुष्कळ अवलंबून होते. आता कृष्णा, गोदावरी व मांजरा यांचे पाणी येते आणि या तलावांचा शहराच्या पुरवठ्यातील वाटा सव्वा टक्क्याहूनही कमी झाला आहे. सबब संरक्षणाची गरज उरली नाही. हिशेब बरोबर असेलही. पण तो भलत्याच खात्याचा आहे. ज्या वास्तूचे पहिले काम पूर अडविण्याचे, तिची उपयुक्तता तिने पाजलेल्या पाण्याच्या टक्क्यांत मोजणे म्हणजे देवळाच्या तटाची किंमत त्यावर वाळत घातलेल्या धोतरांच्या संख्येवरून ठरविण्यासारखे आहे.

पूर अडविणे म्हणजे नुसती भिंत नव्हे. जलाशयाला पाणी पोहोचण्यास जितका वेळ लागतो तितकी दरवाजे सांभाळणाऱ्याला सवड मिळते. नांगरलेले शेत पाऊस पिते, गवताळ माळ त्याला रेंगाळावयास लावतो. डांबर, काँक्रीट आणि फरशी त्याला तसाच्या तसा पुढे ढकलतात. तोच पाऊस, तेवढाच पाऊस, परंतु तो कमी तासांत येऊन धडकतो आणि तलाव भरलेला असेल तर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. 2025 च्या सप्टेंबरअखेरीस दोन्ही जलाशयांतून पाणी सोडावे लागले तेव्हा मुसीने महात्मा गांधी बसस्थानकात प्रवेश केला आणि रात्री अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तिथीपंचांग पाहणाऱ्यांसाठी सांगतो : 1908 च्या पुराच्या तारखेला तेव्हा एकदोन दिवसच उरले होते. पाणलोट क्षेत्र पुरते बांधून काढल्यावर असाच पाऊस आला तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरी एक गंमत कायद्यात दडलेली आहे. केंद्र शासनाच्या 2017 च्या पाणथळ भूमी नियमांनी संरक्षित पाणथळीच्या काठी, गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या आत कायम स्वरूपाच्या बांधकामास मनाई केली आहे. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे एका दारी सांगावयाचे, तू पिण्याच्या पाण्याचा तलाव आहेस, म्हणून तुला पाणथळीचे संरक्षण नाही. आणि दुसऱ्या दारी सांगावयाचे, तू आता पिण्याच्या पाण्याचा तलाव राहिला नाहीस, म्हणून तुला 111 चेही संरक्षण नाही. दोन्ही दारांवरून परतलेल्या याचकाने जावे कोठे? (इंदूरच्या होळकरकालीन सिरपूर तळ्याला 2022 मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, याचा तेथील आमच्या वाचकांना सार्थ अभिमान आहे. पण प्रत्येक तळ्याचे नशीब असे नसते.)

आणि जे पाणी दुरून येते म्हणून जवळचे टाकावयाचे, ते येते कोठून? गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी, मांजरा बीड जिल्ह्यातील डोंगरांत. ज्या गोदावरीला आपण स्नानाच्या मंत्रात रोज हाक मारतो, तिचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळांतून, विजेच्या पंपांनी उपसून हैद्राबादेस आणले जाते. उस्मानसागराचे पाणी मात्र उतारानेच शहरापर्यंत पोहोचते. त्याला पंपाचा टेकू लागत नाही. ज्या वर्षी मराठवाड्यात पाऊस पडत नाही, त्या वर्षी मांजरेचे काय होते हे लातूरकरांना विचारावे. 2016 मध्ये त्यांना रेल्वेने पाणी आणावे लागले. घरची विहीर बुजवून शेजाऱ्याच्या आडावर भरवसा ठेवणारा संसारी माणूस आमच्या पाहण्यात नाही.

आता दुसरी बाजू. ती आम्ही टाळू इच्छीत नाही, कारण तिच्यात खरे दुःख आहे. 84 गावांतील शेतकऱ्यांनी 1996 पासून 2022 पर्यंत सव्वीस वर्षे आपल्या जमिनी शहरासाठी अडकवून ठेवल्या. शेजारच्या गावात, नियमाच्या रेषेपलीकडे, एकराला सोन्याचा भाव. रेषेअलीकडे मुलीच्या लग्नासाठी चार गुंठे विकावयाचे तर गिऱ्हाईक नाही. आणि त्याच रेषेअलीकडे श्रीमंतांचे फार्महाऊस, त्यांच्या भिंती, त्यांची पोहण्याची कुंडे ही मात्र शेतकऱ्याने रोज डोळ्यांनी पाहावीत. नियम गरिबाला बांधील आणि धनवानाला शोभेचा, अशी अवस्था जेथे होते तेथे नियमावर लोकांचे प्रेम कसे राहील? तळे त्यांनी राखले, पाणी शहराने चाखले. म्हण उलटी झाली, आणि ती उलटी केली शहराने.

परंतु या अन्यायाचे परिमार्जन तलाव बुजवून होत नाही. शहराने सव्वीस वर्षे त्या गावांना एक छदाम दिला नाही, हा दोष आहे ना? मग छदाम द्यावा. पाणीपट्टीवर उपकर बसवून तो त्या ग्रामपंचायतींच्या पदरात टाकता येतो. ज्याला आपल्या जमिनीवर बांधता येत नाही त्याला विकासहक्काचे प्रमाणपत्र देऊन ते शहरात अन्यत्र विकण्याची सोय करता येते. महाराष्ट्रातील शहरांत हा व्यवहार वर्षानुवर्षे चालू आहे. दहा किलोमीटरांचे वर्तुळ ढोबळ आहे, काही जमिनींचे पाणी तलावाकडे वाहतच नाही, अशी तक्रार आहे. ती खरी असेल तर समपातळी रेषांचा नकाशा मांडावा, पाणी कोठे वाहते ते पाहावे आणि नकाशा सुधारावा. अशी सुधारणा आम्ही स्वागतार्ह समजतो, कारण ती पाण्याला विचारून केलेली असते. लवचिकता पाण्याला विचारीत नाही, अर्जदाराला विचारते. आणि निर्बंध उठल्यावर लाभ त्या शेतकऱ्याच्या पदरात पडतो, या समजुतीतही फारसे तथ्य नाही. गरजेपोटी ज्याने जमीन आधीच स्वस्तात देऊन टाकली, त्याला भाव वाढल्याचे वर्तमान वृत्तपत्रातूनच कळते.

मोठ्या जलाशयांची कथा सांगितली. लहान तलावांची अधिक करुण आहे. बांधकामाच्या 2012 च्या नियमांप्रमाणे तलावाच्या पूर्ण संचय पातळीच्या आत कोणतेही बांधकाम नको; त्या पातळीच्या रेषेपासून, तलाव दहा हेक्टर वा अधिक असेल तर तीस मीटर आणि त्याहून लहान असेल तर नऊ मीटर जागा मोकळी हवी. नियम वाचावयास सोपा आहे. घोटाळा आहे तो पातळीच्या रेषेत. तलाव काठोकाठ दरवर्षी भरत नाही. पाचसहा वर्षे कमी पावसाची गेली की काठाकडील तळ उघडा पडतो, त्यावर गवत उगवते, पोरे क्रिकेट खेळतात. निजामी महसुलात अशा जमिनीला शिकम म्हणत. पाणी ओसरले की तीत पीक घ्यावयाचे आणि पाणी आले की मुकाट्याने बाहेर पडावयाचे, असा तिचा रिवाज होता. आता तीत भूखंड पाडतात. गिऱ्हाईक एप्रिल महिन्यात जागा पाहण्यास येते. एप्रिलमध्ये कोणता तलाव खोटे बोलत नाही? मुलांचे शिक्षण आटोपून, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती आलेला एखादा मास्तर तेथे घर बांधतो, वास्तुशांत करतो, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहतो. मग एके वर्षी तलाव आपली जागा मागावयास येतो.

2020 च्या ऑक्टोबरात हैद्राबादेत पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू यांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. 2024 मध्ये अतिक्रमणे पाडण्यासाठी 'हैड्रा' नावाची स्वतंत्र यंत्रणा उभी झाली आणि तिने यंत्रे लावली. काही बड्यांच्या इमारती पडल्या, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याने बँकेचे कर्ज काढून, नगरपालिकेच्या परवान्याने, नोंदणी करून घर घेतले त्याचेही घर जेव्हा पडते, तेव्हा परवाना देणारी ती लेखणी कोणाच्या हातात होती, हे कोणी विचारीत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार. त्या परवान्यांपैकी प्रत्येक परवाना त्या त्या दिवशी एक लहानशी, समजूतदार, स्थानिक लवचिकताच होती.

बेळगाव भागातील वाचकांना हा दूरचा विषय वाटू नये. बंगळूरच्या तलावांभोवती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये 75 मीटरांची मोकळी पट्टी सांगितली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती रद्द ठरविली, कारण बृहद् आराखड्यात ठरलेले अंतर न्यायाधिकरणाला असे बदलता येत नाही. ठीक. म्हणजे 30 मीटर राहिले. त्यानंतर 2025 मध्ये कर्नाटक विधिमंडळापुढे तलाव संवर्धनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. त्यात हे 30 मीटरही सर्वांना सारखे नाहीत : तलावाच्या आकाराप्रमाणे शून्यापासून तीस मीटरांपर्यंत श्रेणी लावलेली आहे. मोठ्याला मोठी पट्टी, लहानाला लहान, अगदी लहानाला काहीच नाही. ऐकावयास हे न्याय्य वाटते. पण पाण्याचा न्याय निराळा आहे. विश्वेश्वरय्यांनी मोजलेले 788 तलाव हे खेड्यापाड्यांचे, एकाच्या सांडव्याचे पाणी दुसऱ्याने झेलावे अशा साखळीतले होते. साखळीतली वरची लहान कडी तुटली की तिचे ओझे खालच्या कडीवर पडते. हे विधेयक मात्र सर्वांत लहान कडीलाच उघडे टाकते. शून्य मीटर! मग त्या पट्टीला पट्टी तरी कशाला म्हणावयाचे?

गोव्यातील वाचकांना तर हा शब्द नवा नाही. 2023 मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या 17 व्या कलमाला उपकलम जोडून प्रादेशिक आराखड्यातील 'चुका' भूखंडाभूखंडाने दुरुस्त करण्याची सोय झाली. साऱ्या चुका कशा कोण जाणे, शेत आणि डोंगरउतार यांचेच बाबतीत झालेल्या निघाल्या. त्या दुरुस्त्यांसाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 च्या मार्चमध्ये रद्द केले. तळी राखणाऱ्या गावकऱ्यांनी या निकालाचे वाचन आपल्या सभेत एकदा करावे.

कोणी म्हणेल, हे सारे नियोजनाचे तांत्रिक विषय. देवस्थानांच्या मंडळींना त्यांत काय कर्तव्य? कर्तव्य आहे. आपल्या शास्त्राने देऊळ बांधणे आणि तळे खोदणे ही एकाच पंक्तीची कर्मे मानली : वापी, कूप, तडाग, देवतायतन, सारे पूर्तधर्मात आले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रतिष्ठा व उत्सर्ग यांचे एकत्र विवेचन केले आहे. तळे खोदून झाले की त्याचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी त्यावरील आपले स्वामित्व सोडावयाचे. त्यानंतर खोदणाराही तेथे इतरांसारखा पाणी पिऊ शकतो, मालक म्हणून नव्हे. ज्यावरचे स्वामित्व त्याच्या निर्मात्यानेच सोडले, त्याचा काठ तुकड्यातुकड्याने वाटून देण्याचा अधिकार पंचायतीला आला कोठून, नगरसेवकाला आला कोठून, मंत्रिमंडळाला तरी आला कोठून?

आणि येथे आम्हांला घरच्या मंडळींशी थोडे कठोर बोलावे लागेल. तलावाच्या बांधावर पहिली वीट पुष्कळदा आपलीच पडते. आधी पिंपळाखाली एक शेंदरी दगड, मग चार खांबांचे छप्पर, पुढे सभामंडप, भक्तांच्या मोटारींसाठी फरसबंदी, प्रसादाचे दुकान, दुकानदाराची खोली. भटाला दिली ओसरी, ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे, तेव्हा ती आपल्याला लागू केल्यास राग मानू नये. देवाच्या नावाने घातलेला भरावही पाण्याला भरावच असतो. आणि देवस्थानाने तीन मीटर घेतले की शेजारचा भूखंडवाला तेरा घेतो व कोणी बोलल्यास देवळाकडे बोट दाखवितो. अशा काठावरून आपण पंचायतीला कोणत्या तोंडाने सांगणार की नियम वाकवू नका? 'सुशोभना'च्या नावाखाली तलावाच्या पात्रातच घातलेली गोल पायवाट, तिच्या पलीकडे राहिलेला आणि हळूहळू कोरडा ठरलेला तळ, ही सगळी आपण टाळ्या वाजवून स्वीकारलेली कामे आहेत. उद्घाटनाच्या नारळाचे खोबरे आपणच खाल्ले आहे.

म्हणून आमची सूचना लहान आणि ताबडतोब करण्याजोगी आहे. ज्या देवस्थानाच्या जवळ तळे वा तलाव आहे, त्याच्या समितीने पुढचा पाऊस लागण्यापूर्वी पाटबंधारे खात्याकडून वा महसूल कचेरीतून त्याच्या पूर्ण संचय पातळीचा नकाशा मागवावा. मिळत नसल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. नकाशा आला की गावातील दोन जुनी माणसे आणि शाळेचा एक मास्तर बरोबर घेऊन काठाने फिरावे, जेथे रेषा येते तेथे दगड रोवून त्यावर चुना लावावा, आणि त्या दगडांची यादी देवळाच्या दर्शनी भिंतीवर, देणगीदारांच्या नावांच्या शेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. त्या खुणांच्या आत देवस्थानाचे स्वतःचे काही सापडले, मग ती भिंत असो, दुकान असो की मोटारींचा तळ, तर दुसऱ्या कोणाचे नाव घेण्याआधी ते काढण्याचा ठराव त्याच सभेत करावा आणि त्याची प्रत पंचायतीला द्यावी.